गुरुवारच्या शिफ्टचं पाणी

डायलिसिसला चार तास हातात सुया घालून पडून राहावं लागतं. एका हातानं मोबाइल किती बघायचा? मग माणसं बोलायला लागतात. बोलून बोलून किस्से इतके साचतात, की बायको विचारते, "तुमी रक्त धुवायला जाता का पारावर बसायला?"

मी वडवणीचा. मंडप आणि स्पीकरचा धंदा. दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिल्यापासून सोमवार-गुरुवार एसटीनं बीडला जातो. हे सगळं दुष्काळाच्या वर्षातलं. सेंटरचं बोअर आटलं होतं, सगळा कारभार टँकरवर. एका माणसाचं रक्त धुवायला मशीनला पिंपं भरून पाणी लागतं. पाणी नाही तर शिफ्ट नाही. एक पाळी बुडाली की सूज आणि दम. दोन बुडाल्या की काय होतं, ते सांगायला कोणी माघारी आलेला मला तरी माहीत नाही. त्यामुळं त्या वर्षी लोक आभाळाकडं बघायचे आणि आम्ही सेंटरच्या गेटकडं.

*

पाण्यावरून पहिलं भांडण माझं गल्लीतच झालं. टँकर आला की माणशी हंडा, असा आमच्या गल्लीचा नियम. शेजारचा म्हाद्या सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्या घरात एक हंडा कमी घ्या. तुला डाक्टरनं पाणी बंद केलंय ना?"

खरं होतं. आम्हाला लघवी होत नाही, पिलेलं सगळं अंगातच राहतं. म्हणून चहा-आमटी धरून दिवसाला जेमतेम तांब्याभर. मे महिन्यात जीभ टाळूला चिकटायची, आणि हा माणूस माझा हंडा मोजत होता. डोकं असं फिरलं, पण आवाज चढवला नाही.

म्हणलं, "म्हाद्या, मी पीत न्हाई, पन रोज आंघूळ करतो. तू पितोस, पन आंघूळ करत न्हाईस. फिटलं का न्हाई बे?"

बायकांनी आपणहून बाजूला होऊन माझा हंडा नळीखाली लावला.

*

आमच्या समोरच्या खाटेवर गयाबाई असायची. ऊसतोडीतली बाई. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, जोडी नसली तर मुकादम उभं करत नाही. दिवाळीनंतर कारखान्याकडं जाणाऱ्या मजुरांच्या गाड्या भरायला लागल्या तसा मुकादम तिच्या दारात आला. हिच्यानं आता काम होणार नाही, हिच्या जागी दुसरी बाई बघ, असं तिच्या नवऱ्याला तिच्यादेखत सांगायला लागला. नवरा मान खाली घालून उभा.

गयाबाई भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "आन की. पन माझी जागा घ्यायची तर पुरी घे म्हनावं तिला. सोमवार-गुरुवारच्या सुयासकट."

मुकादमानं चहासुद्धा घेतला नाही. नवरा त्या वर्षी सख्ख्या भावाला जोडीला घेऊन गेला.

*

माझ्या शेजारच्या खाटेवर चेअरमन. गयाबाईच्याच गावचे, गेवराईकडचे. गावच्या दूध सोसायटीची खुर्ची कधीच गेली होती, रुबाब तेवढा राहिला होता.

आमचा टेक्निशियन इरफान, मशीन लावायच्या आधी प्रत्येकाला काट्यावर उभं करतो. वजन वाढलं म्हणजे पठ्ठ्यानं चोरून पाणी पिलं. चेअरमनचं वजन लई वाढलं होतं. इरफाननं नुसतं बघितलं, तर हे उसळले. तुझा काटाच खोटा हाय, पुढच्या पाळीला आमच्या डेअरीचा काटा आणतो, असं म्हणाले, आणि खरंच जीपमध्ये घालून आणला. वर उभे राहिले. वजन चांगलंच कमी भरलं.

चेअरमननी विजयी नजरेनं सगळीकडं बघितलं. गयाबाईनं त्या डेअरीला वर्षानुवर्षं दूध घातलेलं. ती शांतपणे म्हणाली, "इरफानभाऊ, आमची म्हस कावून आटली व्हती, ते आज कळलं."

चेअरमननी चादर तोंडावर ओढून घेतली. जरा वेळानं चादर हलायला लागली. बघतो तर माणूस आत हसत होता.

*

सगळंच हसण्यावारी जात नाही. हातात सुया घालता येईपर्यंत डायलिसिससाठी गळ्यात नळी बसवतात. तिच्यातून मला इन्फेक्शन झालं, थंडी-तापात शुद्ध गेली. डॉक्टरांनी पाहुणे बोलवा म्हणून सांगितलं. भीती वाटली का? लई वाटली. पण तापाला काय वाटलं कुणास ठाऊक, उतरला.

घरी आलो तर अंगणात माझ्याच गोडाऊनमधल्या पांढऱ्या कनाती काढून ठेवलेल्या. लग्नाला पांढरं कोणी लावत नाही. चुलतभाऊ गडबडला, ऊन दाखवायला काढल्या म्हणाला.

म्हणलं, "बापू, आपल्या धंद्याचा एक नियम हाय. ज्याचं कार्य हाय, त्यानं सोता येऊन ऑर्डर द्यायची."

*

आणि मग तो आठवडा आला. सोमवारी टँकर आलाच नाही, सगळ्यांची पाळी बुडाली. चेअरमननी वजन खर्चून डेअरीचा टँकर पाण्यानं भरून आणला. इरफाननं झाकण उघडून वास घेतला आणि बंद केलं. दुधाचा अंश मशीनला चालत नाही.

बुधवारी मी, चेअरमन आणि गयाबाई असे तिघं टँकरचं बघणाऱ्या साहेबाकडं गेलो. गयाबाईचे पाय इतके सुजले होते, की चपला पिशवीत घेऊन अनवाणी चालत होती. तिला उद्याची पाळी मिळाली नाही तर काय, हे तिघांनाही ठाऊक होतं.

साहेब तरुण, वागायला चांगला. खुर्च्या दिल्या, गार पाण्याचे ग्लास मागवले. आम्ही ग्लासाकडं बघत बसलो. ग्लासाला बाहेरून घाम सुटला होता. कोणी हात लावला नाही. साहेबाला कळेना, पाणी मागायला आलेली माणसं पाणी का पीत नाहीत. चेअरमननी समजावून सांगितलं. साहेब म्हणाला, टँकर पिण्याच्या पाण्यासाठी असतात, तुमचं वापरायचं पाणी झालं, त्याला वेगळी मंजुरी लागते. मी भडकलो. चेअरमननी सोसायटीच्या मीटिंगमधला आवाज काढला. साहेब एकच धरून बसला, परवा शुक्रवारी नक्की करतो.

तशी गयाबाई उठली. टेबलाला वळसा घालून साहेबाजवळ गेली, डाव्या हाताची बाही वर सारली. डायलिसिसवाल्याच्या हातात ऑपरेशन करून दोन नसा जोडलेल्या असतात. तिथं रक्त इतक्या जोरात पळतं, की वरून हात ठेवला तर पिठाच्या गिरणीसारखी घरघर लागते. तिनं लेकराचा धरावा तसा साहेबाचा हात धरला आणि त्या नसेवर ठेवला.

साहेबानं हात मागं घ्यायला बघितलं, मग तसाच ठेवला. हळू आवाजात म्हणाला, "मावशी, हे काय आहे?"

"जीव हाय, साहेब. परवापर्यंत थांब म्हून तुमीच सांगा त्याला."