नव्या बांधकामाला पाणी

माझे दाजी गवंडी. ताईचं लग्न झालं तेव्हापासून मी त्यांना ओळखतो, आणि तेव्हापासूनच आमचं फारसं जमत नाही. कोणाच्याही घरी गेले की हा माणूस आधी भिंतीवर टकटक करतो आणि मग चहाला हो म्हणतो. नव्या घरात मी त्यांना हौसेने बोलावलं, तर चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "गिलावा पोकळ आहे तुझा." होताच तो, पण सांगायची ही काय पद्धत झाली?

काम मात्र असं की बघत राहावं. चाळीस वर्षांत त्यांच्या हातच्या एकाही स्लॅबला तडा गेलेला नाही, आणि त्याचं गुपित ते कोणी न विचारता सांगतात: "सिमेंट कोणीही कालवतो रे, पाणी मारायला माणूस लागतो." नवं बांधकाम दोन-तीन आठवडे सतत ओलं ठेवायचं, नाहीतर ते तडकतं. त्यासाठी सुटीच्या दिवशीही पाइप घेऊन साइटवर जायचे आणि घरी ताईची बोलणी खायचे.

तर या दाजींचं बायपासचं ऑपरेशन ठरलं. छातीचं मधलं हाड कापायचं, आतलं काम उरकायचं आणि हाड स्टीलच्या तारेने परत बांधायचं, हे सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. दाजींनी चित्र नीट पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "तार किती गेजची?"

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. तिसऱ्या दिवशी त्यांना वॉर्डात आणलं. नर्सने उशाशी मापाचा पेला ठेवला आणि बजावलं की पाणी, चहा, सूप सगळं धरून दिवसाला दीड लिटर. हृदय अजून दमलेलं आहे, त्याहून जास्त त्याला झेपणार नाही. दाजी निमूटपणे हो म्हणाले. मला तिथेच संशय यायला हवा होता, कारण हा माणूस निमूटपणे हो कधीच म्हणत नाही.

दुपारी ताई जरा पाठ टेकायला गेली की मी त्यांच्यापाशी बसायचो. "एवढी बाटली भरून आण रे," ते म्हणायचे, "तोंड धुवायला." मी आणून द्यायचो. पुढच्या तासाभरात पुन्हा तेच. हातापायाला आराम हवा म्हणून जागेवरच तोंड धूत असतील, असं मी धरून चाललो. मी शाळेत क्लार्क आहे आणि लोक मला हुशार समजतात.

पाचव्या दिवशी दाजींचं वजन तीन किलोने वाढलेलं निघालं. पाय टम्म सुजले, चार पावलं चालले की धाप लागायला लागली. नर्सच्या तक्त्यावर पाणी बरोबर दीड लिटर. सर्जनबाईंनी ताईला बाहेर बोलावलं. "पंपिंग कमी पडतंय की काय, शंका येतेय," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी इको करू. तसंच असलं तर पुन्हा आयसीयूत न्यावं लागेल." ताई बाकावर बसली ती बसलीच. तिच्या हातातली पिशवी मी काढून घेतली, तेही तिला कळलं नाही.

मी आत गेलो, तर दाजी म्हणाले, "बाटली भर."

"आत्ताच तर भरली! तोंड धुता किती वेळा?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला खाली वाकायला लावलं आणि कुजबुजले, "अरे, हाड जोडलंय. ताजं काम आहे. या लोकांना औषधातलं कळतं, बांधकामातलं नाही. पेल्याने कुठे पाणी मारतात का?"

"म्हणजे हे सगळं तुम्ही पिताय?"

"आज जरा जास्तच प्यायलो. धाप लागतेय ना, म्हटलं आतून तडकतंय की काय."

माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोललो, आणि आजारी माणसाशी बोलू नये इतक्या मोठ्याने बोललो. नर्स धावत आली, तिच्यामागे ताई. मी सगळं सांगून टाकलं. बाटल्या कोणी भरल्या तेही सांगितलं, कारण लपवायला आता तोंडच नव्हतं. नर्स सर्जनबाईंना बोलवायला पळाली.

ताई ओरडली नाही. लग्नानंतर बारा वर्षं तिने दाजींच्या हाताखाली घमेली वाहिली आहेत. बांधकामातलं तिला त्यांच्याइतकंच कळतं, फक्त ती सांगत सुटत नाही.

"भिंतीला पाणी बाहेरून मारता, का तिला पाजता?" तिने विचारलं.

दाजींनी बाटली अंगाशी ओढली.

तिने त्यांच्या पायांवरची चादर बाजूला केली. "पायात पाणी शिरलंय, दिसतंय का? आता तुम्हीच सांगा मिस्त्री, पायात पाणी शिरल्यावर इमारतीचं काय होतं?"

दाजींनी मान पुढे काढून आपल्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं. नर्सचं, बाईंचं, माझं कोणाचंच बोलणं डोक्यात शिरलं नव्हतं, हे मात्र थेट शिरलं.

"खचते," ते म्हणाले, आणि बाटली त्यांनी आपल्या हाताने तिच्याकडे दिली.

लघवीचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत दाजींचा मुक्काम बाथरूममध्येच. सकाळी वजन दोन किलोने उतरलं होतं. इकोच्या खोलीत आम्हा दोघांनाही आत घेतलं. सर्जनबाईंनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. तेवढ्या वेळात ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं उठली.

"पंपिंग छान आहे," बाई म्हणाल्या. "हृदयाला काही झालेलं नाही, काका. तुम्हीच त्याला बुडवत होता."

दाजी हसले नाहीत. उताणे पडून छताकडे बघत होते. मला वाटलं, आता छताचा काहीतरी दोष काढतील. पण त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी हा माणूस मला फार आवडला.

"मला मरायचं नव्हतं गं," ते ताईला म्हणाले.

"मग तसं म्हणायचं माझ्याजवळ," ताई रडत रडत म्हणाली. "पाणी कशाला प्यायचं?"