लाल लाइट लागलाय का बघा!

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. माळ्यावरच्या पिशव्यांसारखे ते साठत जातात आणि एक ओढायला जावं तर चार अंगावर पडतात. शिरूरला एस.टी. स्टँडजवळ आमचा स्टुडिओ होता, तेव्हाचे माझे सगळे किस्से मात्र फिरून एका बटणापाशी येतात. मी फोटो काढायचो आणि माझे भागीदार रशीदभाई व्हिडिओ शूटिंग करायचे. त्यांच्या कॅमेऱ्याला एकच बटण. दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. आता चालू आहे हे सांगणारा लाल लाइट कुठं? तर डोळा लावायचा त्या भिंगाच्या आत, मोहरीएवढा! ज्यानं हा कॅमेरा बनवला त्यानं जन्मात एक लग्न पाहिलेलं नसणार.

* * *

राहू गावच्या एका लग्नात रशीदभाईंचा अंगठा एकदा जास्तीचा पडला आणि सगळंच उलटं झालं. ते चालू समजायचे तेव्हा बंद, बंद समजून कॅमेरा खाली धरायचे तेव्हा चालू!

कॅसेट द्यायला गेलो तर यजमानांनी अख्खी भावकी टीव्हीपुढं बसवली होती. पडद्यावर मांडवातली सतरंजी आणि तिच्यावरून चालणाऱ्या रशीदभाईंच्या चपला. मंगलाष्टकं नाहीत, हार नाहीत. नुसत्या चपला! नवरीचे आजोबा बराच वेळ मन लावून बघत होते.

"पावनं," ते शेवटी म्हणाले, "लगीन आमच्या पोरीचं व्हतं का तुमच्या चपलांचं?"

माझे फोटो बरे आले होते म्हणून आम्ही जेवून परत आलो. पण वाटेत रशीदभाई कॅमेरा मांडीवर घेऊन त्या बटणाकडेच बघत होते. त्यांच्या मुलीचं, शबानाचं, लग्न ठरलं होतं. त्यांची आई, सगळ्यांच्या अम्मी, दौंडला थोरल्या मुलाकडे मांडीचं हाड मोडून अंथरुणावर होत्या. त्यांना शिरूरला आणणं शक्यच नव्हतं. नातीचं लग्न त्यांना दिसणार ते कॅसेटमध्येच.

"दिलीपराव," घर आल्यावर रशीदभाई म्हणाले, "अम्मीला बी अशाच चपला दाखवू का म्या?"

त्या दिवसापासून बटणावर इलाज सुरू झाले.

* * *

पहिला इलाज माझ्या बायकोचा. तिनं आपल्या पाकिटातली एक जाड टिकली बटणावर चिकटवली. अंगठ्याला लागेल, म्हणजे चुकून दाबणं नको! इलाज झकास होता, फक्त लग्न वैशाखातलं होतं. घामानं टिकली सुटली, अंगठ्याला चिकटली आणि घाम पुसताना रशीदभाईंच्या नाकाच्या शेंड्यावर जाऊन बसली. वऱ्हाडातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि रशीदभाईंना वाटलं, आज शूटिंग फारच आवडतंय. ते आणखी पुढं जाऊन क्लोजअप घ्यायला लागले.

* * *

मग त्यांनी बटणावरचा विश्वासच काढून घेतला. भांडगावला बौद्ध पद्धतीचं लग्न होतं. वंदना झाली, वधूवरांनी एकमेकांना हार घातले आणि रशीदभाई ओरडले, "थांबा! लाइट बघतो. हार काढा, परत घाला!"

त्यांनी काढले, घातले. रशीदभाईंना परत शंका आली. पुन्हा काढले, पुन्हा घातले. आणखी एकदा हात वर केला तेव्हा नवरदेवानं हार दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"भाऊ, आता न्हाई काढणार. घातला त्यो घातला! उद्या बायको बी परत आणा म्हणशील!"

* * *

हसत होतो मीही, पण माझी पाळी आलीच. मांडवगण फराट्याच्या शाळेत मी नवा डिजिटल कॅमेरा घेऊन गेलो. त्याचं बंद करायचं बटण फोटोच्या बटणाला अगदी खेटून! पोरं उंचीनं उभी केली, गुरुजी मधे बसवले, "हसा" म्हटलं आणि नेमकं नको ते बटण दाबलं. कुईं आवाज करत लेन्स आत गेली. सगळ्या शाळेसमोर असं तीनदा झालं.

"काय ओ," हेडमास्तर म्हणाले, "आमच्या पोरांची तोंडं बघून भ्यायला जणू तुमचा कॅमेरा!"

घरी आलो आणि पंक्चरच्या सोल्यूशननं दोन बटणांच्या मधे काडेपेटीतली काडी आडवी चिकटवली. झालं कुंपण! पुढं तो कॅमेरा कधी लाजला नाही.

* * *

ती काडी बघून रशीदभाई पेटले. औषधाच्या बाटलीचं झाकण त्यांनी मधोमध कापलं आणि त्याचं कडं बटणाभोवती चिकटवलं. आता धक्का लागो, घाम येवो, बटण आत सुखरूप. इतकं सुखरूप की रशीदभाईंचा अंगठाही आत जाईना! मग दाबायला पेनाचं टोपण आलं, टोपण हरवू नये म्हणून त्याला दोरी आली आणि दोरी गळ्यात आली.

एका लग्नात एक मामा त्या दोरीकडे बघून म्हणाले, "मास्तर, कबड्डी कवा चालू करताय?"

* * *

शबानाच्या निकाहाला रशीदभाई मुलीचे बाप, त्यामुळे कॅमेरा माझ्याकडे आणि टोपण माझ्या गळ्यात. काझीसाहेबांनी तोंड उघडलं, तसा अख्खा मांडव एका सुरात ओरडला, "दिलीपराव, लाल लाइट!" काझीसाहेबही थांबले, माझ्याकडे बघत. मी मान हलवली तेव्हाच त्यांनी पुढं सुरू केलं.

सगळं नीट पार पडलं. पाठवणीच्या वेळी रशीदभाई माझ्या कानाशी आले. "रडारडीचं घेऊ नका. अम्मीला तरास हुईल. आन् म्या काय रडणार न्हाई."

मी कॅमेरा बंद करायला टोपणानं बटण दाबलं, तो खांद्याला अडकवला आणि गाडीपाशी रशीदभाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आम्ही कॅसेट 'कबूल है' पर्यंत बघितली. आलंय सगळं! रशीदभाई मटकन स्टुलावर बसले. एवढं हायसं वाटलेला माणूस मी पुन्हा बघितला नाही. तसेच आम्ही कॅसेट घेऊन दौंडला गेलो.

अम्मींना उशांना टेकवून बसवलं. निकाह झाला, त्यांनी दुवा दिली. जेवणाच्या पंगती झाल्या. आणि एकदम पडद्यावर जमीन आली आणि तिच्यावर रशीदभाईंचे नवे बूट!

टोपण कड्यावरच टेकलं होतं. बटण दाबलंच गेलं नव्हतं.

रशीदभाई कॅसेट बंद करायला उठले. अम्मींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

बुटांसमोर मेंदीचे दोन पाय येऊन उभे राहिले. शबानाचा आवाज आला, "अब्बा, लेस सुटलीय तुमची." मग तीच खाली बसली आणि मेंदीच्या हातांनी लेस बांधायला लागली. बांधली, सोडली, परत बांधली. वरून रशीदभाईंचा हात तिच्या डोक्यावर आला. त्यांना बोलायचं होतं, पण हुंदकाच बाहेर पडला.

रशीदभाई भिंतीकडे तोंड करून उभे होते.

अम्मींनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"दिलीप, बाकीचं ऱ्हाऊ दे बाबा. त्ये बुटांचं तेवढं परत लाव."