घड्याळजी भात शिकले

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींनी स्वयंपाकघरात केलेलं काम एकच, भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्याचं तेलपाणी करणं. चहासुद्धा त्यांना हातात मिळायचा. अशा माणसाच्या बायकोच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, आणि सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता मऊ भात सुरू करा. पोटात काही गेलं नाही तर अंगात ताकद यायची कुठून?"

कॅन्टीनचा भात बायकोने एक घास खाऊन बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी तोही नाही. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

हॉस्पिटलच्या मागे पेशंटच्या नातेवाइकांसाठी एक जुनी इमारत होती. लांबलांबून, परदेशातूनही माणसं येऊन तिथे महिना-महिना राहायची. तळमजल्यावर सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर होतं. चार शेगड्या, एक मोरी, आणि फळीवर खोल्यांचे नंबर चिकटवलेली पातेली. घड्याळजींनी तांदूळ आणले, पाणी घातलं, गॅस मोठा केला आणि समोर उभे राहिले. भात खाली करपला, वर कच्चा राहिला, मध्ये चिखल झाला. धूर जिन्यापर्यंत गेला.

"भात करतोयस की घर पेटवतोयस, बाबा?" एका म्हातारीने धावत येऊन गॅस बंद केला. समुद्रापलीकडून मुलीच्या उपचारासाठी आलेली ही आजी. भाषा मोडकीतोडकी, पण जीभ भलती धारदार. तिच्या मागून शिवणबाई आल्या. डोंगराकडच्या त्या, शिवणकाम करणाऱ्या, नवरा वरच्या वॉर्डात. आणि शेवटच्या शेगडीवर कांदा परतत होता तो ट्रकड्रायव्हर, अपघातात पाय चिरडलेल्या धाकट्या भावासाठी तीन देश ओलांडून आलेला.

घड्याळजींनी मान खाली घालून सगळं सांगितलं. सांगून होतं न होतं तोच तिघांनी पातेल्याचा ताबा घेतला.

"भरपूर पाण्यात शिजव आणि पाणी ओतून काढ," आजी म्हणाली.

"म्हणजे भाताचा जीवच ओतायचा!" शिवणबाई म्हणाल्या. "तीनदा धुवा, तांदळाच्या वर बोटाचं एक पेर पाणी ठेवा, झाकण लावा आणि मग अजिबात उघडू नका."

"तेलात परतल्याशिवाय चव कुठली?" ड्रायव्हर म्हणाला.

"पोट शिवलेल्या बाईला तेलकट चारतोस? हो बाजूला!" आजीने त्याला झाऱ्याने हटवलं.

घड्याळजींनी खिशातून वही काढली. "किती मिनिटं ठेवायचा?"

"मिनिटं?" आजी हसली. "भाताला काय गाडी पकडायचीय? शीत घे, दाबून बघ."

त्या दिवशी आजीचं चाललं. तिने हात लावला नाही, फक्त शेजारी उभी राहून बोलत राहिली. निथळलेलं दाट पांढरं पाणी तिने फेकू दिलं नाही. "आधी हे. मीठ घालून. भात उद्या."

बायकोने अर्धी वाटी पेज घेतली. मग उरलेलीही घेतली.

"कोणी केली?"

"मी."

"खोटं बोलू नका. या वयात शोभत नाही."

आठ दिवसांत तिच्या तोंडून निघालेला हा पहिला टोमणा. घड्याळजी वॉर्डाबाहेर गेले आणि खांबाला टेकून लहान मुलासारखे रडले.

पुढे आजीचा मऊ भात झाला, मग शिवणबाईंचा. झाकण उघडायला घड्याळजींचा हात शिवशिवायचा, आणि शिवणबाई त्यावर चापट मारायच्या, "वाफ जिरू द्या, दादा." बायको उठून बसू लागली. इतके दिवस तिचे घास मोजायची लागलेली सवय घड्याळजींनी सोडून दिली.

ड्रायव्हरचा भात मात्र राहिला होता. एका सकाळी त्याची शेगडी रिकामी दिसली. भावाच्या पायात विष पसरलं होतं, त्याला पुन्हा ऑपरेशनला नेलं होतं. दुपार कलली तरी ड्रायव्हर ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेरच्या बाकावर पाण्याचा थेंबही न घेता बसून होता.

घड्याळजी स्वयंपाकघरात आले. कांदा चिरला, तेलात लाल केला, त्यात तांदूळ टाकून परतत राहिले. आजी आणि शिवणबाई दारात उभ्या होत्या. आश्चर्य म्हणजे भात झाल्यावर आजीनेच डबा पुढे केला. तो घेऊन ते बाकापाशी गेले, उघडून ड्रायव्हरच्या हातात दिला आणि शेजारी बसले.

ड्रायव्हरने पहिला घास कितीतरी वेळ तोंडात घोळवला. "कांदा कमी लाल झालाय," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे वाहू लागले. मग तो डब्यातलं शेवटचं शीतसुद्धा बोटाने टिपून खाईपर्यंत थांबला नाही.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. पाय गेला होता, भाऊ वाचला होता.

घड्याळजींची बायको चोविसाव्या दिवशी घरी जायला निघाली. आजीच्या पाया पडायला ते वाकले तर तिने त्यांचे खांदे धरून उभं केलं. "मी काय केलं? तुला हात होतेच. तू वापरत नव्हतास." उरलेले तांदूळ त्यांनी तिच्या पातेल्यात ओतले.

आता आठवड्यातून चार दिवस भात घड्याळजी करतात. बायको टेबलाशी बसून भाजी निवडते आणि विचारते, "आज कोणाचा?"

"शिवणबाईंचा," ते झाकणावर हात ठेवून सांगतात. कधी आजीचा असतो. ड्रायव्हरचा असला की कांद्याच्या वासानेच तिला कळतं, विचारावं लागत नाही. जेवायला बसल्यावर घड्याळजी पहिला घास घ्यायच्या आधी एक शीत बोटाने दाबून बघतात. मग बायको म्हणते, "चला, गार होतोय."