तबकातली चावी

ती लाँच आठवली की आजही माझे डोके तापते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण त्या प्रकरणांत निदान एक तरी माणूस गुन्हेगार असे. या प्रकरणात सगळेच सज्जन होते, म्हणून तपास फार जड गेला.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. उजनीचे पाणी नुकतेच अडू लागले होते आणि काठावरच्या एका ठाण्याचा मी फौजदार होतो. पाण्याच्या पाहणीसाठी एका सरकारी खात्याने छोटी मोटरलाँच आणली. उद्घाटनाआधी तिच्या रोज चाचणीच्या फेऱ्या होत. ती पाण्यात बांधून ठेवत नसत. काठावर फरशीचा उतार केला होता, तिथे लोखंडी गाड्यावर ती उभी असे. अशा लाँचच्या तळाला मागे एक भोक असते. लाँच वर ओढली की त्यातले बुच काढायचे, म्हणजे आत साठलेले पाणी वाहून जाते. पुन्हा पाण्यात सोडण्याआधी पहिले काम बुच ठोकून बसवण्याचे. डिझेल, तेल, दोर पाहायचे ते त्यानंतर. हे मी तपासात शिकलो. उद्घाटनाला जमलेल्या बहुतेक मान्यवरांना तळाला भोक असते हेच माहीत नव्हते.

उद्घाटनाला मुंबईहून बडे पाहुणे आले होते. मांडव, कमान, सनई, सगळे होते. लाँचला इतके हार घातले होते की ती लाँच आहे की वरातीची मोटार, ते कळू नये. पाहुण्यांनी नारळ फोडला, टेबलावरच्या चांदीच्या तबकातून लाल फीत बांधलेली चावी उचलली आणि नवाकोरा पांढरा गणवेश चढवलेल्या चालकाच्या हाती दिली. मग दोन पुढारी आणि खात्याच्या उपअभियंत्यांसह ते लाँचमध्ये बसले. गाडा उतारावरून सोडला. टाळ्या पडल्या. लाँच थोडी पुढे गेली आणि पाहुण्यांच्या बुटात पाणी शिरले.

चालकाने ताबडतोब लाँच वळवून काठाला घातली, म्हणून कोणी बुडाले नाही. माझ्या शिपायांनी पाहुण्यांना पाठुंगळीवर घेऊन काठावर आणले. सनईवाल्याला कोणी थांबायला सांगितले नव्हते, त्यामुळे हा कार्यक्रम सनईच्या सुरात पार पडला.

पंचनाम्यात भोक उघडे आणि बुच गायब, असे नोंदवले. तासाभरात सोलापूरहून वरिष्ठांचा फोन आला. "हा घातपात आहे. कट शोधून काढा."

संशयाला माणूसही तयार होता. चालक धरणग्रस्त होता. त्याचे घर पाण्याखाली गेले होते, त्याबदली ही नोकरी मिळाली होती. आणि पुनर्वसनाच्या एका सभेत तो भर गर्दीत ओरडला होता, "ह्या पान्यात येक दिस तुमीच बुडा!" हे ऐकणारे अर्धे गाव साक्षीदार होते. त्यात काठावरचा चहावाला खबर घेऊन आला.

"सायेब, सकाळी त्यो लाँचच्या मागं वाकून कायतरी उपटत हुता. म्या सोता बघितलं."

चालकाला ताब्यात घेतले. तो अजून त्या पांढऱ्या गणवेशातच होता, कंबरेपर्यंत भिजलेला.

"मागे वाकून काय उपटत होतास?"

"झेंडूचा हार. पंख्यात गुतला हुता. मांडववाल्यानं पंख्यालाबी हार घातला की."

"आणि बुच?"

"बसवायचं ऱ्हायलं. माजीच चूक हाय."

"कुठे आहे ते?"

"न्हाय म्हाईत."

"रोज विसरतोस का?"

"न्हाय की."

"मग आजच कसा विसरलास?"

तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "आजच इसरलो, सायेब."

आरोपी कबुली देत नाही म्हणून वैतागलेले अधिकारी पुष्कळ. मला भेटलेला आरोपी मागाल ती कबुली द्यायला तयार होता, फक्त तिचा उपयोग शून्य होता. सभेत ओरडलास का? व्हय. बुच बसवले नाहीस का? न्हाय. त्याचे उत्तर लिहून पाठवले असते तर घातपाताचा खटला आयता उभा राहिला असता. घर गेलेच होते. नोकरी जाऊन तुरुंगही मिळाला असता. सोलापूरचे फोन येतच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको भाकरी घेऊन ठाण्यात आली. गजाआड नवऱ्याला पाहून ती रडेल असे आम्हाला वाटले. तिने पदर खोचला.

"बुच इसरला? आवं, इसरलासा कसं? म्या बांदून दिलं हुतं न्हवं?"

"काय बांधून दिलं होतं, बाई?" मी विचारले.

"बुच वो. ह्यास्नी काय ध्यानात ऱ्हातंय? आक्काबाईच्या जत्रंला गेलं तर मलाच इसरून माघारी आलं हुतं. म्हनून लुगड्याची चिंधी घिऊन बुच चावीलाच बांदलं. गाठ सोडल्याबिगर चावी लागत न्हाय, आन् गाठ सोडली की बुच हातात. आता तर कळंल, म्हटलं!"

"व्हय की," नवरा गजाआडून म्हणाला. "पर काल चावीला बुचच नव्हतं."

"हे काल का सांगितलं नाहीस?"

"तुमी चावीचं इचारलंच न्हाय."

मी डोक्याला हात लावला आणि जीप काढली.

उपअभियंता पाहुण्यांना पाठवायच्या दिलगिरीचा मजकूर तयार करत बसले होते. चावीला काही बांधलेले होते का, असे विचारताच ते म्हणाले, "होतं ना. मळकी चिंधी आणि काळं रबरी बुच. फौजदारसाहेब, चांदीच्या तबकात ते शोभलं असतं का? मीच शिपायाला कापायला सांगितलं."

"बुच कुठे गेलं?"

शिपायाला बोलावले. तो निरागसपणे म्हणाला, "तबकाचं टेबल डुगडुगत हुतं, साहेब. पायाखाली दिलं."

आम्ही मांडवात गेलो. टेबल तिथेच होते, बुचही तिथेच होते. नारळ, भाषणे, टाळ्या, सगळा समारंभ त्या बुचाने तोलून धरला होता. पंचांसमक्ष मी ते जप्त केले. उपअभियंत्यांनी आपल्या जबाबावर एक शब्दही न बदलता सही केली, एवढे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

मी 'अपघात' असा अहवाल पाठवला. सोलापूरहून विचारणा झाली, "कटाचं काय?" कट करायला निदान दोघांचे एकमत लागते, आणि इथे तर नवराबायकोचेही नव्हते, असे मनात आले, कागदावर मात्र 'पुरावा नाही' एवढेच लिहिले. चालक सुटला. नोकरीवरचा निर्णय खात्याने राखून ठेवला: लाँचची पुढची फेरी नीट झाली तर ठेवू.

पुढची फेरीही त्याच पाहुण्यांची निघाली. पुन्हा मांडव, पुन्हा सनई, पुन्हा तबक. या वेळी चावीला बुच बांधलेले होते. पण उपअभियंत्यांनी त्याला चंदेरी रंग दिला होता. चालकाने गाठ सोडली, लाँचच्या मागे वाकून बुच भोकात घातले. रंगाच्या थरामुळे ते बसेना.

त्याने खिशातून चाकू काढला आणि फरशीवर बैठक मारून रंग खरवडायला घेतला. ऊन मी म्हणत होते. पाहुणे हार गळ्यात घालून उभे, पुढारी उभे, उपअभियंता घामाघूम. बायकांच्या घोळक्यातून त्याच्या बायकोचा आवाज आला, "नीट खरवडा. घाई करू नगा!"

आधीच्या वेळी तबकात काय ठेवले होते ते मी पाहिले होते. तबकात काय ठेवले नाही, हे कळायला त्या बाईलाच ठाण्यात यावे लागले. तेव्हापासून कुठल्याही सजवलेल्या जागी गेलो की मी पहिले हेच विचारतो: इथून काय काय हलवले? यजमानांना ते आवडत नाही.

चालकाने बुच हातोडीने ठोकून बसवले, अंगठ्याने दाबून पाहिले, मग डिझेल पाहिले, तेल पाहिले, दोर पाहिला. तोवर सनईवाल्याची सगळी गाणी वाजवून झाली होती. पाहुण्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. ते त्या बुचाकडेच पाहत होते.