शेजारच्या खाटेचा हेवा

पित्ताशयातले खडे काढल्यावर मी वॉर्डात पडून होते. शेजारच्या खाटेवर मंदाताई होत्या. त्यांचा आजार कुणालाच उमगत नव्हता, म्हणून सकाळपासून त्वचेचे, डोळ्यांचे, सांध्यांचे डॉक्टर येऊन त्यांना तपासत होते. "अशी केस पुस्तकातसुद्धा सापडायची नाही," मोठे डॉक्टर शिकाऊ मुलांना म्हणाले आणि सगळे मंदाताईंवर वाकून नवलाने बघत राहिले. मला मात्र त्यांनी जाता जाता दारातूनच विचारलं, "जेवलात ना?"

माझा नुसता जळफळाट झाला. माणसाला आजारपणातही वाटत असतं, की आपल्या दुखण्याकडे कुणीतरी असं थांबून पाहावं. चारचौघांना होतं ते दुखणं म्हणजे जणू दुखणंच नव्हे.

डॉक्टर गेल्यावर मंदाताईंनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"तुम्हाला काय झालंय हो?"

"खडे होते. काढले."

"मग आता?"

"उद्या घरी सोडतायत."

"म्हणजे तुम्हाला काय झालंय, ते त्यांना ठाऊक होतं," असं हळूच म्हणून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ती नजर कसली, हे मला कुणी सांगायला नको होतं.