मौलाभाईंच्या पाठीवरची गाठ

नाव : मौला बाबालाल नदाफ. वय : अठ्ठावन्न. मुक्काम : कराड. व्यवसाय : कापूस पिंजणे, गाद्या-उशा भरणे. व्याधी : झोपेत तासाला एकतीस वेळा श्वास थांबतो; परिणामी सदर व्यक्तीस दिवसा कोठेही, विनासूचना, झोप लागते.

गेल्या वेळी ती पिंजायच्या मशीनवर लागली. बाही दातांत गेली. हात वाचला. मुलगा वाजिद यानं बटण बंद केलं आणि म्हणाला, "अब्बा, महिनाभर बघतो. तवर फरक पडल्याचं डॉक्टरनं लिवून दिलं तर ठीक, न्हाईतर मशीन पाटणच्या मामूला देऊन टाकणार." मशीनशिवाय मौलाभाई म्हणजे दुकानातला आणखी एक तक्क्या, हे दोघांनाही ठाऊक होतं.

डॉक्टर म्हणाले, श्वास उताणं झोपल्यावरच थांबतोय. कुशीवर झोपा. बंडीच्या पाठीला खिसा शिवा, त्यात टेनिसचा चेंडू घाला. उताणे झालात की टोचेल.

चाळीस वर्षं गावाच्या गाद्या भरलेल्या माणसाला चेंडू! मौलाभाईंनी हातानं कापूस पिंजला, छोटा लोड शिवला आणि बंडीला टाचला. काम उत्तम झालं. इतकं, की पाठ टेकताच लोड मऊसूत दबायचा. तीन आठवडे ते त्यावर उताणे घोरले आणि रोज सकाळी रात्रपाळी करून आल्यासारखे उठले.

"आवं, पाव्हण्याची गादी हाय का ही?" हाजराबी म्हणाली. नवऱ्याचा श्वास ऐकत जागून तीही अर्धी झाली होती. "टोचाय पायजे ते. गाठी ऱ्हाऊ द्या की कापसात."

"माझ्या हातनं?"

"व्हय. जन्मात एकदा तरी वाईट काम करा. गिऱ्हाईक मीच हाय, वरडणार न्हाई."

मौलाभाईंनी दुकानाचं दार लावून घेतलं. कापूस भिजवून तिंबला, वाळवला, दगडासारखी गाठ केली. टाके मात्र सरळच पडले. त्या दिवसापासून ते कुशीवर झोपू लागले. खांदा ठणकायचा, पण दुपारी डोळे उघडे राहायचे.

फेरतपासणीची तारीख पाचव्या आठवड्यातली मिळाली. दाखला असा : श्वास थांबण्याचे प्रमाण तासाला सात. प्रगती समाधानकारक. सदर व्यक्तीस यंत्रावर काम करण्यास हरकत नसावी.

मशीन चार दिवसांपूर्वी पाटणला गेलं होतं.