एकाच विहिरीपाशी दोघी

विश्रांतवाडीला माझ्या धाकट्या बहिणीकडे कंप्युटर होता आणि माझ्या मुलीचा प्रत्येक रविवार तिथेच जायचा. ती आणि तिची आत्तेबहीण एकाच कीबोर्डवर एकच गेम खेळायच्या. चालायचं एकीने, खणायचं दुसरीने. भांडणं त्यावरूनच व्हायची आणि तिथेच मिटायची. मग मेहुण्यांची बदली बेंगळुरूला झाली. भाची गेली, कंप्युटर गेला. आता इंटरनेटवरून खेळायचं, असं दोघींनी ठरवून टाकलं.

निघताना भाचीने मला बजावलं होतं, "मामा, कंप्युटरच घे हं. दुसरं काही नको."

पण मी पडलो आयटीतला. दोन वेगळ्या सिस्टीम एकमेकींशी जोडून देणं हेच माझं नोकरीतलं काम. मी शाळकरी पोरीचा सल्ला घेणार होय? भरपूर अभ्यास केला, बायकोला नको असताना समजावून सांगितलं आणि टीव्हीला जोडायचा कन्सोल आणला. टीव्ही हॉलमध्ये, म्हणजे पोरगी डोळ्यांसमोर. गेम तोच, खोका तेवढा वेगळा.

सुरू केल्यावर कळलं की कन्सोलवर इतरांबरोबर खेळायचं तर कंपनीची वर्गणी वेगळी. मेहुणे फोनवर म्हणाले, आमच्याकडे असलं काही नाही बुवा, गेम घेतला की झालं. त्यांना झालेला आनंद मी ऐकूनही न ऐकल्यासारखा केला आणि वर्गणी भरली.

दोन्हीकडे फोन स्पीकरवर.

"मी विहिरीपाशी आहे," माझी मुलगी म्हणाली.

"मीपण विहिरीपाशीच आहे. तू दिसत नाहीयेस."

गेममधलं गाव तेच, विहीर तीच, बाजूचं वाकडं झाडसुद्धा तेच. पण हा गेम जिथून चालतो तो सर्व्हर कंप्युटरवाल्यांचा वेगळा आणि कन्सोलवाल्यांचा वेगळा. तिकडे कोणीही मित्राच्या सर्व्हरवर जाऊन बसावं. इकडे सोसायटीच्या गेटसारखा कारभार, आतले आत आणि बाहेरचे बाहेर. मी दुपारभर सेटिंग चाळत बसलो. 'मी सांगितलं होतं' असं भाची एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

पुढे काही महिने दोघी फोनवर बोलत आपापल्या गेममध्ये खेळल्या. एक सांगायची, मी इथे भिंत घातली, तूही घाल. दोन वेगळ्या गावांत दोन सारखी घरं उभी राहिली. त्यांत राहायला मात्र एकेकटीच. मग क्लास आले, दहावी आली, फोन आखूड होत गेले. कंप्युटर घेऊ, घेऊ असं मीही म्हणत राहिलो. पण नवाकोरा कन्सोल टाकून कसा द्यायचा?

परवा वाचलं की आता त्या गेममध्ये दोन्हीकडचे एकत्र खेळू शकतात. मी उड्या मारतच मुलीला फोन केला. ती आता स्वतः नोकरी करते.

"छान झालं, बाबा," ती म्हणाली. "पण आता तिला फोन करून सांगू काय? विहिरीपाशी ये?"

मी म्हटलं, तेच सांग.

ती आईचा गुडघा कसा आहे, ते विचारू लागली.